गोड पाण्याचा बोअर

१

धम्मशीला वानखडे वकील शेतात पोचली तेव्हा मोजणीवाला टेप गुंडाळून बांधावर बसला होता आणि नवरा-बायको बोअरच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते.

"पाहा मॅडम, पाहा!" प्रसेनजित तायडे ओरडला. "दगडं टाकले इनं बोअरमदी! कोर्टाच्या वऱ्हांड्यात बोलली होती, तुले थेंबभर पानी मिळू देनार नाई म्हनून. सगळ्यायनं आयकलं!"

"बोलली होती अन् अजूनबी बोलीन!" निशिगंधाचा आवाज त्याच्याहून चढा होता. "पन दगडं तू टाकले. तुले माहीत होतं मी बगीच्याचा हिस्सा मांगनार!"

संग्रामपूरहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हे शेत होतं. दोघांनी लग्नानंतर मिळून घेतलेलं, सातबाऱ्यावर दोघांची नावं. प्रसेनजित नांदुऱ्याच्या कॉलेजात शिकवायचा, निशिगंधा तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. आता घटस्फोटाचा दावा चालू होता. नांदुऱ्याचं घर आधीच वाटून झालं होतं. वरचा मजला त्याचा, खालचा तिचा, आणि जिन्याच्या मधोमध प्लायवूडची फळी. सोफ्यातला लांब कोच तिनं नेला, खुर्च्या त्यानं. सोफ्याचं कव्हर कुणाकडं जावं यावरून पोलिसात तक्रार झाली होती.

राहिलं होतं शेत. मध्यस्थीत कसंबसं एवढं ठरलं होतं की प्रसेनजितनं शेताचे दोन भाग पाडायचे आणि निशिगंधानं त्यांतला हवा तो आधी उचलायचा. म्हणजे रेघ मारणारा लबाडी करणार नाही. प्रसेनजितनं रेघ मारली. एका बाजूला रस्त्याला लागलेलं कपाशीचं मोकळं रान, दुसऱ्या बाजूला संत्र्याचा बगीचा, बोअर आणि टिनाच्या दोन खोल्या. हे दोन्ही भाग समक्ष पाहून कोर्टाला अहवाल द्यायला धम्मशीला कमिशनर म्हणून आली होती.

आणि बगीच्याचा प्राणच कुणीतरी बुजवला होता. हा खारपाणपट्टा. इथं कुठंही खणलं तरी लागतं ते खारं पाणी. त्यानं जमीन पांढरी पडते आणि माणसांच्या किडन्या जातात. तायड्यांच्या बोअरला मात्र गोड पाणी लागलं होतं. पंचक्रोशीत त्या पाण्याचं नाव होतं.

बोअर उघडाच होता. मोटर दुरुस्तीला गेलेली, तोंडावर टोपण नाही. धम्मशीलानं पर्समधला आरसा काढला, ऊन पकडलं आणि तिरीप आत सोडली. फार खोल नव्हे, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्यावर दगड दिसले. मुठीएवढे, एकमेकांवर बसलेले.

"गेला बोअर," मोटर काढायला-बसवायला ज्याला बोलावत तो शेषराव मिस्त्री मान हलवत म्हणाला. "आता याच्यात काई नाई."

धम्मशीला उठली. शेतातून वेचलेल्या दगडांचा ढीग बोअरपासून जवळच, धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला होता. तिनं तो पुढून पाहिला, मागून पाहिला. मग बोअरकडे पाहिलं. ती स्वतः शेतकऱ्याच्या घरची, जळगाव जामोदची. बापानं पाडलेले तीन बोअर तिनं पाहिले होते. तिन्ही कोरडे, आणि शेवटचा तर बापानं रागाच्या भरात स्वतः बुजवला होता. तेव्हा ट्रॉलीभर दगड लागले होते.

इथला ढीग जेमतेम टोपलं-दोन टोपल्यांनी खाली बसला होता.

२

ती लगेच काही बोलली नाही. बोललं असतं तर दोघांनी तेही एकमेकांच्या अंगावर फेकलं असतं. तिनं मोजणी पुढं ढकलली आणि प्रत्येकाला वेगळं गाठायचं ठरवलं.

प्रसेनजित कपाशीच्या बाजूला मोटारसायकलला टेकून उभा होता.

"मोटर कधी काढली सर?"

"झाले पंधरा-वीस दिवस. आवाज करत होती. मीच शेषरावला फोन केला."

"संत्र्याला पाणी नको का?"

"आता नको. सध्या झाडं ताणावर आहेत. या दिवसांत पाणी तोडावं लागतं, तवाच बहर फुटतो." तो थांबला. "तुम्हाला वाटते मी टाकले दगड? मॅडम, मी काऊन टाकीन? रेघ मी मारली. तिनं बगीचा घेतला असता तर मला कपाशीचं रान मिळालं असतं. रस्त्याला लागून हाये, काय वाईट हाये?"

"आणि तुम्हाला बगीचाच हवा असेल तर? बोअर मेला असं दिसलं की निशिगंधाताई रस्त्याकडचा भाग उचलतील. बगीचा तुमच्याकडं राहील."

"मेलेला बगीचा घेऊन काय करू?" तो फणकारला. पण उत्तर देताना त्याची नजर शेजारच्या शेताकडे गेली. धम्मशीलानं ती नजर टिपली.

निशिगंधा झाडाखाली उभी होती. रडून डोळे सुजले होते, पण आवाजात रडू नव्हतं.

"मॅडम, मी आतापासूनच सांगून ठेवते. बोअर मेलेला असो का जिता, मी बगीचाच घेईन. फक्त त्याची किंमत कमी झाली, तर फरक भरून द्यायला लावा त्याला. नांदुऱ्याचा वरचा मजला मला पाहिजे."

"मेलेला बगीचा घेऊन काय करणार?"

प्रसेनजितनं विचारलेलाच प्रश्न.

"ते माझं मी पाहीन. त्याच्या घरात दहा वर्षं काढली मी. त्याच्या मायनं मला एक दिवस सुखाचा घास खाऊ दिला नाही. पदर असा घे, भाकर अशी थाप. आणि हा पेपर वाचत बसे. आता एकेक गोष्ट वसूल करीन."

टिनाच्या खोल्यांपुढं सिंधूताई, प्रसेनजितची आई, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नवरा गेल्यापासून ती इथंच राहायची, एकटी. बगीचा तिनंच लावला होता असं गावात सगळे म्हणत. बोअर लागायच्या आधी डोक्यावर हंडे वाहून तिनं कलमं जगवली होती.

"बस वो बाई," ती म्हणाली. रांजणातून तांब्याभर पाणी काढून तिनं पुढं ठेवलं. गोड, गार पाणी.

"तुमचा मुलगा म्हणतो सुनेनं केलं. सून म्हणते मुलानं केलं. तुम्ही इथंच असता, तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटनार? दोघंबी एका माळेचे मनी." ती शेंगा सोलतच राहिली. "ते बाई इथी येते तं नाकाले रुमाल लावते. अन् पोरगा येते तं फोनवर बोलत येते, फोनवर बोलत जाते. झाडाले हात कोन लावते? कोनीच नाई."

"दगड टाकताना कुणी दिसलं का?"

"मी गावात गेली होती. मिरच्या कांडाले."

"मोटर नाही म्हटल्यावर तुमचं पाण्याचं कसं चालतं?"

"टाकं भरेल हाये," सिंधूताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा हात थांबला.

३

शेजारचं शेत भगवंतरावांचं. पांढरंशुभ्र धोतर, हातात जाड अंगठी, बोलणं मधाळ. त्यांच्या ओसरीत पाण्याचे निळे जार ओळीनं ठेवले होते. त्यांच्या बोअरचं पाणी खारं होतं.

"माह्याकडं काऊन आल्या वकीलबाई? मी तं भांडनात नाई."

"तायडे सर तुमच्या शेताकडं फार पाहत होते."

भगवंतराव हसले. "लपवून काय करायचं? सर आले होते माह्याकडं. म्हने वाटनी झाली की बगीचा तुमाले देतो. मी म्हनलो हाव. मले झाडं नको होते, पानी पायजे होतं." त्यांनी मिशीवर हात फिरवला. "अन् मंग चार दिवसानं बाईबी आल्या."

"निशिगंधा?"

"हाव. त्याबी तेच म्हने. बगीचा मीच उचलतो, अन् तुमालेच इकतो. एकमेकाचं तोंड पाहत नाईत, पन इचार सारखाच. झाडं तोडून पाइपलाइन टाकायची माही तयारी होती. आता काय? बोअर गेला, माहाबी सौदा गेला. सुक्या जागेले कोन घेते?"

धम्मशीला परत निघाली तेव्हा डोक्यात तिन्ही चेहरे घोळत होते. ढीग खरं बोलत असेल, तर बोअर मेलेलाच नव्हता. एवढा खोल बोअर दोन टोपल्यांनी वरपर्यंत भरत नाही. मध्ये कुठंतरी काहीतरी अडकवलेलं होतं आणि त्याच्यावर दगडांचा थर. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला पाणी संपवायचं नव्हतं, फक्त संपल्याचं दाखवायचं होतं. आणि मेलेल्या बोअरचा फायदा तिघांनाही होता. प्रसेनजितला बगीचा राखता आला असता. निशिगंधाला बगीचाही आणि वरचा मजलाही. भगवंतरावांना तेच पाणी मातीमोल भावात.

ती बोअरपाशी आली. शेषराव अजून तिथंच बिडी ओढत होता.

"मिस्त्री, ढीग पाहिला तुम्ही? एवढ्या दगडांत बोअर भरतो?"

"एखादा मोठा दगड मधीच फसला असंल बाई. त्याच्यावर बाकीचे बसले."

तेही शक्य होतं. "मोटर खरंच बिघडली होती का?"

"बेअरिंग जराशी वाजे. वरीसभर चालली असती. पन सरनं फोन केला, तं काढली."

सरनं फोन केला. धम्मशीलाच्या मनात प्रसेनजितचं पारडं जड झालं. त्यानंच मोटर काढवली, त्यानंच बोअर उघडा ठेवला. तिनं शेषरावला गळ सोडून वरचा एखादा दगड काढायला सांगितला. त्यानं बरीच खटपट केली. अखेर गळाला एक दगड लागला, अर्ध्यात सुटला, पुन्हा लागला आणि वर आला.

तिनं तो हातात घेतला. मग धुऱ्यावरच्या ढिगातला एक उचलला आणि दोन्ही शेजारी धरले.

ढिगातल्या दगडाच्या खाचाखाचांत काळी माती घट्ट बसली होती. दिवाळीच्या आधीपासून पावसाचा थेंब नव्हता. बोअरमधून निघालेला दगड मात्र घासून धुतल्यासारखा लख्ख होता. एका खाचेत काथ्याचा बारीकसा तंतू अडकला होता, भांडी घासायच्या काथ्याचा.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "सगळ्यांना इथं बोलवा. भगवंतरावांनाही."

४

सगळे बोअरभोवती जमले. नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या. सिंधूताई शेंगांचं सूप तसंच हातात घेऊन आली होती.

"बोअर जिवंत आहे," धम्मशीला म्हणाली.

प्रसेनजितनं चटकन मान वर केली. निशिगंधाचा चेहरा आधी उजळला, मग सावध झाला. भगवंतराव खाकरले.

"कुणीतरी आत बूच मारलंय आणि त्याच्यावर चार दगड टाकलेत. मोजणीला आलेल्यांनी डोकावून पाहावं आणि बोअर मेला म्हणून लिहावं, एवढ्यासाठी."

"मी म्हनत होती ना!" निशिगंधा ओरडली. "यानंच!"

"चूप बे! तूच केलं, वरच्या मजल्यासाठी!"

"दोघंही चूप बसा." धम्मशीलानं दगड पुढं केला. "हा आतून निघाला. हा ढिगातला. फरक पाहा. आतले दगड घासून धुतलेत. सर, तुम्ही हे केलं असतं तर दगड धुतले असते?"

प्रसेनजित गोंधळला. "कायले धुवीन?"

"तेच. पाणी विकायला निघालेला माणूस दगड धुवत नाही. निशिगंधाताईंना इथं नाकाला रुमाल लागतो, त्याही धुणार नाहीत. भगवंतरावांच्या घरी जार येतात. त्यांना पाणी पाहिजे ते झाडांना आणि पाइपाला. थोडी माती गेली तर कुणाचं काय बिघडणार होतं?" ती थांबली. "माती जाऊ नये म्हणून दगड घासले ते अशा माणसानं, जो हे पाणी पितो. अजूनही प्यायचं म्हणतो."

तिनं दोन्ही दगड खाली ठेवले.

"आणि वेळ पाहा. झाडं ताणावर असताना. या दिवसांत बोअर बंद पडला तरी एकही झाड मरत नाही. सर, मोटर आवाज करते हे तुम्ही ऐकलं होतं का?"

"नाई... मी कुठं थांबतो इथं?" प्रसेनजितचा आवाज खाली आला. "मले आईनं सांगितलं."

"पिण्याचं टाकं मोटर काढायच्या आधीच काठोकाठ भरून ठेवलं होतं."

सिंधूताईनं सूप खाली ठेवलं. ती बोअरपाशी गेली, खाली बसली आणि केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या पाइपाच्या काठाला लिंपलेला चिखल नखानं खरवडला. चिखलाखालून काळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ निघाली, बोल्टच्या छिद्रातून ओवलेली.

"खताचं पोतं हाये," ती म्हणाली. "त्यात माहे जुने लुगडे ठासले. तेबी धुतले होते. ओढा रे शेषराव, दगडं काढून घ्या अन् ओढा."

"आई!" प्रसेनजित पुढं धावला. "तू? काऊन?"

"काऊन म्हनते हा!" ती ताडकन उभी राहिली. "तू या भगवंतरावसंग बोलत होता ना फोनवर, या इथी, माह्या खाटीवर बसून. झाडं तोडा म्हने, माही काई हरकत नाई म्हने. मी आत भाकरी करत होती. बहिरी झाली का मी? अन् हे बाई चार दिसानं यायच्याच घरी जाऊन आली. मले वाटलं, बोअरच मेला तं कोन घेईन? कोनीच नाई घेनार. राह्यतील झाडं."

"अन् तू कुठं राहशीन हे आमी पाह्यलंच असतं ना!" प्रसेनजित म्हणाला.

"कुठं? तुह्या वरच्या मजल्यावर? फळीच्या मांगं?"

"मॅडम, हा गुन्हा आहे!" निशिगंधा पुढं झाली. "कोर्टाची फसवणूक आहे. हिचं नाव सातबाऱ्यावर नाही, हिचा इथं काहीही संबंध नाही. हिला आधी शेतातून काढा."

धम्मशीलानं प्रसेनजितकडे पाहिलं. तो आईकडे पाहत नव्हता.

"ते बरोबर बोलते," तो म्हणाला. "आई, तू सामान बांध. कोर्टात माही इज्जत घातली तू."

इतक्या महिन्यांच्या भांडणात धम्मशीलानं या दोघांना एका गोष्टीवर एकमत झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. सिंधूताईनंही ते पाहिलं असावं. ती हसली, पण त्या हसण्यानं भगवंतरावांनीसुद्धा मान खाली घातली.

"सामान कुणीही बांधायचं नाही," धम्मशीला म्हणाली. "कमिशनरला जागेवर काय दिसलं ते लिहायचं असतं. बोअर चालू आहे हे लिहीन. बूच कुणी मारलं आणि का मारलं, तेही लिहीन. आणि जमीन प्रत्यक्ष कुणाच्या ताब्यात आहे, कसतं कोण, राहतं कोण, हे तर लिहावंच लागतं."

"वकीलबाई," सिंधूताई तुटकपणे म्हणाली, "माह्यावर उपकार करू नको. मी जे केलं ते केलं. जेलात टाकत असशीन तं चाल."

"उपकार नाहीत. पाहिलं ते लिहिते."

पोतं वर आलं. शेषरावनं एक खडा आत सोडला आणि सगळे कान देऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं, खूप खालून, डुबुक असा आवाज आला. एकाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

५

कोर्टात सिंधूताईला कानउघाडणी ऐकावी लागली. तिनं ती मान न झुकवता ऐकली. न्यायाधीशांनी निशिगंधाच्या वकिलाला विचारलं, बाई इतकी वर्षं जागेवर राहतात आणि बगीचा कसतात हे तुम्हाला मान्य आहे का. मान्य करावंच लागलं. गावातले लोक साक्षीला तयार होते. प्रसेनजितला विचारलं, आईला तुम्ही दुसरीकडे कुठं ठेवणार. तो आपल्या वकिलाकडे पाहू लागला.

हुकूम असा झाला की ठरल्याप्रमाणे वाटप व्हावं, मात्र बगीचा ज्याच्याकडे जाईल त्यानं सिंधूताईला हयातभर तिथं राहू द्यावं, कसू द्यावं, आणि तिच्या संमतीशिवाय तो भाग विकू नये.

निशिगंधानं एक क्षणही विचार केला नाही.

"रस्त्याकडचा भाग," ती म्हणाली. "ती बाई ज्याची आई आहे त्यालाच लखलाभ." मग प्रसेनजितच्या कानाजवळून जाताना, धम्मशीलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "रेघ तूच मारली होती ना? बस आता त्या रेघेवर."

ताबा देण्याच्या दिवशी धम्मशीला पुन्हा शेतावर आली. निशिगंधानं रस्त्याच्या कडेनं तारेचं कुंपण घालायला माणसं आधीच लावली होती. भगवंतराव फिरकले नाहीत. प्रसेनजित मोटारसायकल लांब उभी करून बगीच्यात चालत आला. बहर फुटला होता. झाडं पांढऱ्या फुलांनी भरून गेली होती आणि सगळीकडे मधमाश्यांचा गुंजारव चालू होता. तो फुलांकडे न पाहताच टिनाच्या खोल्यांपुढं येऊन थांबला.

सिंधूताई बाहेर आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, आतून खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि अंगणात ठेवली. घरात खाट होती, पण तिनं खुर्चीच आणली.

"या मालक," ती म्हणाली. "बसा."

"आई, मालक काय म्हनते मले?"

"मंग काय म्हनू? कागदावर तुमचंच नाव हाये." ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, परक्याच्या पुढं बसावं तशी, हात गुडघ्यांवर ठेवून. "वकीलबाई बी हायेत, त्यायच्या समोरच बोलून घेऊ. बटई कशी ठेवता? अर्ध्या पिकाच्या वाट्यानं परवडत नाई मले. खत तुमचं, मेहनत माही. सांगा."

प्रसेनजित खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला.

"सांगा ना मालक," सिंधूताई म्हणाली. "मले कामं हायेत."